जुन्या नॅरोबोटीचा पत्रा: गळतीपासून पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत राहायला आलेल्या नव्या मंडळींकडून मला वर्षातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न येतो: "फळीखाली पाणी दिसतंय, कुठला रंग लावू?" रंगाचं अगदी शेवटी बघू. नवा माणूस पैसे उलट्या क्रमाने घालवतो. आधी रंग, मग वेल्डिंग, आणि पत्रा मुळात का खाल्ला गेला हे शोधायला हातात काहीच उरत नाही. मीही तेच केलं होतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

ज्यांनी नॅरोबोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथल्या अरुंद कालव्यांवरची लॉक्स (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे कप्पे) जेमतेम सात फूट रुंद असतात, त्यामुळे बोटीची रुंदी ६ फूट १० इंच. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. माझी बोट ५७ फुटी आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्या कालव्यांवर फिरू शकणारी. आकार साधारण लांबलचक लोखंडी पेटीसारखा, तळ सपाट. आजच्या बोटी बहुधा १०/६/४ मापाच्या असतात: तळाची प्लेट १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच बोटींचा तळ मुळातच ६ मिलिमीटरचा आहे. जुनी बोट स्वस्तात मिळाली असेल तर ती बहुधा या दुसऱ्या गटातली असते.

हा लेख फक्त पोलादी बोटींसाठी आहे. फायबरच्या आणि लाकडी बोटींचं शास्त्र निराळं. (इथल्या जुन्या लाकडी मालवाहू बोटींच्या फळ्यांवर डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद गरम करून केलेला लेप थापत असत. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात फारसं नवल वाटू नये.)

पाणी नक्की कुठून येतंय?

फळीखाली पाणी दिसलं म्हणजे तळाला भोक पडलं असं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पावसाचं पाणी खिडकीच्या चौकटीतून किंवा पुढच्या दारातून येतं. शॉवरच्या ट्रेखाली गळती असते. पाण्याच्या टाकीचा एखादा सांधा सैल झालेला असतो. हिवाळ्यात इन्शुलेशन नसलेल्या पत्र्यावर दव धरतं आणि ओघळून खाली साचतं. इंजिनाच्या खोलीत पाणी असेल तर पहिला संशय प्रोपेलरच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या ग्लँडवर घ्या. तिथली ग्लँड दोरी झिजली की पाणी ठिबकतं. दिवसाचा प्रवास संपला की तिच्यात ग्रीस दाबणाऱ्या ग्रीसरची मूठ घट्ट लागेपर्यंत फिरवायची, हे काम विकणारा माणूस सांगायला हमखास विसरतो.

शोधायची पद्धत अशी. केबिनच्या मागच्या टोकाला फळीत एक छोटं झाकण असतं. बोट मागे किंचित खोल बसते, म्हणून आतलं सगळं पाणी तिथे येतं. ते स्पंजने पूर्ण कोरडं करा आणि वर्तमानपत्राचा कागद पसरा. दोन दिवस नळ, शॉवर, पंप काहीही वापरू नका. कागद कोरडा राहिला तर गळती तुमच्या नळकामात आहे. मग टाकीत जिलबीत घालतात तसला खाण्याचा रंग टाका आणि नळ सुरू करा. झाकणाखाली रंगीत पाणी आलं तर प्रश्न मिटला, प्लंबरचं काम आहे. फक्त पाऊस पडल्यावरच पाणी येत असेल तर खिडक्या काढून नवीन पट्ट्या बसवा. पाऊस नाही, नळ बंद, तरी रोज तेवढंच पाणी येतंय, मग मात्र पुढचं सगळं वाचा.

एक जागा लोक तपासतच नाहीत. पुष्कळ बोटींमध्ये पुढच्या टोकाला पाण्याची टाकी वेगळी नसते, बोटीचा पत्रा हीच टाकीची भिंत असते. ती आतून गंजते. बाहेरून डांबर चकचकीत आणि आतून पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला, अशी टाकी मी स्वतः उघडून पाहिली आहे. ती माझीच होती आणि त्या पाण्याचा चहा मी दीड वर्ष प्यायलो होतो.

आज रात्रीपुरतं

गळती खरी आहे आणि जागा सापडली आहे. आता घाबरून त्या जागेवर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. गंजाचा पापुद्रा हाच कधी कधी भोकाचा बूच असतो. पाणी थेंबाथेंबाने येत असेल तर पाण्याखाली धरणारी इपॉक्सी पुटी मळून वर दाबा. धार असेल तर मऊ लाकडाची निमुळती खुंटी हलक्या हाताने बसवा. लाकूड फुगतं आणि घट्ट होतं. जागा मोठी असेल तर रबराचा तुकडा, वर प्लायवूड, आणि छताला किंवा समोरच्या भिंतीला टेकवलेला लाकडी टेकू. जुने लोक आतून चौकट करून तीत सिमेंट काँक्रीट ओतायचे, अजूनही ओततात. तेवढ्याने डॉकपर्यंत जाता येतं. दुरुस्ती झाली असं मात्र समजू नका. वापरलेल्या बोटीत अशी सिमेंटची पेटी दिसली तर किमतीबद्दल बोलणं तिथूनच सुरू करा.

बिल्ज पंप (तळाचं पाणी बाहेर उपसणारा) स्वयंचलित आहे का, बॅटरी भरलेली आहे का हे झोपण्याआधी पाहा. कालवा उथळ असतो, हा मोठा दिलासा. पाणी आवरेनासं झालं तर दोर सैल सोडून बोट काठाजवळच्या उथळ भागात सरकवा. तळ गाळाला टेकला की ती फार खाली जाणार नाही.

वर काढणं

कोकणात मे अखेरीला होड्या वर ओढून शाकारतात, बंदीचे दोन महिने त्या कोरड्यावर राहतात. हर्णैला लहानपणी मी ते दर वर्षी पाहिलं, त्यामुळे बोट वर्षातून एकदा उन्हात यायची असते हे मला स्वाभाविक वाटायचं. इथे तसं नाही. इथली बोट दोन-तीन वर्षं सलग पाण्यात असते आणि वर काढायला आधी जागा राखून ठेवावी लागते.

तीन मार्ग आहेत. ड्राय डॉक म्हणजे दार लावून पाणी सोडून देण्याची पक्की खोली. बोट आपोआप ठोकळ्यांवर बसते, पण ठोकळ्यांवर टेकलेल्या जागी रंग लावता येत नाही. स्लिपवेवर गाड्यावरून ओढून काढतात. तिसरी क्रेन. ५७ फुटी बोट साधारण १५ ते २० टन भरते, तेव्हा क्रेनवाल्याला खरं वजन सांगा.

डॉकवाल्याला आधी विचारायचं ते हे: वेल्डिंग इथे करू देता का, बाहेरचा वेल्डर आणि सर्व्हेअर (बोट तपासून अहवाल देणारा) चालतो का, काम लांबलं तर दिवसाचं भाडं किती, आणि मी बोटीत झोपू शकतो का. शेवटचा प्रश्न हलका घेऊ नका. डॉकमध्ये असताना बेसिनचं पाणी थेट खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर पडतं, आणि वेल्डिंग सुरू झालं की आत राहता येतच नाही. मी चार दिवसांचे कपडे घेऊन मित्राच्या सोफ्यावर गेलो आणि तीन आठवड्यांनी परतलो.

तारखेचंही बघा. कालव्यांचा कारभार पाहणारी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट नोव्हेंबर ते मार्च लॉक्सच्या दुरुस्त्या काढते आणि वाटेतला तुकडा आठवडेच्या आठवडे बंद असतो. डॉक राखला पण तिथपर्यंत जाता येत नाही, अशी गंमत होते. कायम मुक्कामाची जागा नसलेल्यांना एरवी दर १४ दिवसांनी पुढे सरकावं लागतं. बोट नादुरुस्त असेल तर ट्रस्टला आधी कळवून मुदत वाढवून मागता येते.

सर्व्हे: या खर्चात हात आखडू नका

बोट वर आली की आधी प्रेशर वॉशरने शेवाळ, शिंपले, सुटलेलं डांबर काढून टाकायचं. मग सर्व्हेअर. तो तुम्ही नेमलेला हवा. विकणाऱ्याने किंवा ज्याला वेल्डिंगचं काम मिळणार आहे त्या डॉकने सुचवलेला नको. यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेअर्स असोसिएशन किंवा इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सर्व्हेइंग या संस्थांच्या सदस्यांमधून निवडा.

त्याच्याकडे सोनोग्राफीसारखं एक उपकरण असतं. पत्र्याच्या एकाच बाजूने ध्वनिलहर सोडून जाडी मोजतं. पण ही जाडी सर्वसाधारण पत्र्याची. गंजाने पडलेल्या खड्ड्याची खोली वेगळ्या मापाने मोजतात, आणि उरलेली खरी जाडी म्हणजे पहिल्यातून दुसरी वजा. पत्रा ५.६ आणि खड्डा २.१ असेल तर तिथे ३.५ मिलिमीटरच उरले आहेत. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असावेत, तसं आधीच सांगा. हातोडीने ठोकत जाणारा सर्व्हेअर दिसला तर हसू नका. बद्द आवाज आला की अनुभवी कान तिथेच थांबतो.

तुम्हीही त्याच्या मागे मागे फिरा आणि या जागा बघितल्या का ते पाहा. पाण्याच्या रेषेवरचा हातभर पट्टा, जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतं. तळाची प्लेट आणि बाजू जुळतात तो कोपरा, ज्याला इथे चाइन म्हणतात. नव्या बोटीत तळाची प्लेट बाजूच्या बाहेर इंचभर डोकावते आणि घासणं स्वतः सोसते. जुन्या बोटीत ती कड झिजून गेलेली असते आणि जोडाचं वेल्डिंगच घासायला लागतं. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट, जिचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा भाग इंजिनाच्या ओल्या कोपऱ्यात असतो, तीही दोन्हीकडून खाल्ली जाते. गॅस सिलिंडरच्या खणाची जमीन. आणि अर्थात पुढची टाकी.

पोचे फारसे महत्त्वाचे नाहीत. लॉकच्या भिंतीला आपटून पडलेला पोचा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. जवळचा जोड तडकला नाही ना, एवढं बघायचं.

अहवाल आला. आता?

४ मिलिमीटर हा आकडा सतत कानावर पडेल. पुष्कळ विमा कंपन्या जुन्या बोटीला पूर्ण विमा देताना पत्रा कुठेही ४ च्या खाली नको असं म्हणतात. तो विम्याचा आकडा आहे, बुडण्याचा नाही. ३.८ ची बोट उद्या बुडत नाही. पण पूर्ण विमा हवा असेल तर तो पाळावा लागतो, आणि कुठलाच विमा नसेल तर मरिना (बोटी लावायचा खासगी तळ) आत घेत नाही आणि ट्रस्ट परवाना देत नाही. अहवाल हातात आला की आधी विमा कंपनीला पाठवा, त्यांना नेमकं काय हवं ते लेखी घ्या, आणि मगच वेल्डरशी बोला.

खड्डे मोजके आणि सुटे असतील तर एकेक खड्डा वेल्डने भरून घासून सपाट करतात. स्वस्त आणि पुरेसं. मात्र आजूबाजूचा पत्राच पातळ असेल तर वेल्डरच्या हाताखाली तो लोण्यासारखा वितळतो आणि एका खड्ड्याची तीन भोकं होतात.

मोठा भाग पातळ झाला असेल तर दोन उपाय. पातळ पत्रा कापून काढून नवा बसवणं हे शास्त्रशुद्ध. पण त्यासाठी आतली सगळी लाकडी सजावट उचकटावी लागते, स्वयंपाकघरासकट. म्हणून नॅरोबोटींवर बहुधा दुसरा मार्ग घेतात: जुन्या पत्र्यावर बाहेरून नवा पत्रा चढवायचा. यालाच ओव्हरप्लेटिंग म्हणतात.

काही लोक ओव्हरप्लेट केलेली बोट म्हणजे मेलेली बोट असं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. नीट केलेलं काम वीस वर्षं सहज टिकतं. वाईट केलेलं मात्र दोन पत्र्यांमध्ये पाणी कोंडतं आणि ते पुढे कुणालाच दिसत नाही.

पत्रा चढवताना

आधी हिशेब करा, कारण वेल्डर करेलच असं नाही. पोलादाचा एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा. ५७ फुटी बोटीचा तळ साधारण ३५ चौरस मीटर. त्यावर ६ मिलिमीटरचा पत्रा चढवला तर वजन वाढतं १,६५० किलो. बोटीने पाण्यावर व्यापलेली जागाही साधारण तेवढीच, म्हणजे एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ३५० किलो लागतात. थोडक्यात, बोट पाच सेंटिमीटर खाली बसणार. फक्त बाजूंना दोन फुटी पट्टा ४ मिलिमीटरचा लावला तर हाच आकडा पावणेदोन-दोन सेंटिमीटर होतो.

पाच सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण गॅसच्या खणाची निचऱ्याची छिद्रं, इंजिन खोलीच्या जाळ्या, बेसिनची तोंडं हे सगळं तेवढंच पाण्याजवळ येतं. पाणी आत शिरू शकेल असं सर्वांत खालचं तोंड पाण्यापासून साधारण २५० मिलिमीटर वर असावं, असं सर्व्हेअर सांगतात. गॅसच्या खणाचं छिद्र बुडालं तर गळलेला जड गॅस बाहेर न जाता खणातच साचतो. बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र दर चार वर्षांनी लागतं, त्या तपासणीत हे पकडलं जातं, पण तोवर वाट बघायला नको. उपाय सोपा आहे. फळीखाली बोट स्थिर राहावी म्हणून विटा किंवा फरश्या ठेवलेल्या असतात. जेवढं पोलाद वाढलं तेवढ्या त्या बाहेर काढा. त्या निमित्ताने तळाची आतली बाजूही दिसेल. तिथे ओलं असेल तर वाळवा आणि रंगवा.

आता आग. या कामातला खरा धोका हाच आहे आणि मी तो अनुभवला आहे. बाजूच्या पत्र्याला आतून स्प्रे फोमचं इन्शुलेशन चिकटवलेलं असतं. बाहेर वेल्डिंग चाललं की आतला फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. माझ्या बोटीवर काम करणाऱ्याने "आतून कुणी बघायला नको, पाण्याच्या रेषेखालीच तर आहे" असं म्हटलं आणि मी मान डोलावली. पलंगाखालचा फोम अर्धा तास धुमसत होता. गादी गेली, भिंतीच्या दोन फळ्या गेल्या, वास सहा महिने राहिला. तेव्हा:

गॅस सिलिंडर बोटीवरून पूर्ण उतरवा. वेल्डिंग होणार त्या पट्ट्याच्या आतल्या फळ्या आणि फोम काढा. काढता येत नसेल तर ओलं ठेवा आणि समोर माणूस बसवा. अग्निशामक आणि पाण्याच्या बादल्या आत हव्यात. काम थांबल्यावरही तासभर कुणीतरी आत थांबायचं, कारण आग लागते ती वेल्डर चहाला गेल्यावर. बॅटरीचे, अल्टरनेटरचे, सोलरचे आणि काठावरच्या विजेचे सगळे जोड सोडा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स जळेल. वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप बोटीवरच, कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. आणि डिझेलची टाकी: बहुतेक बोटींत तीही पत्र्यालाच बांधलेली असते. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण तीत वाफ असते. टाकी साफ करून वायुमुक्त झाल्याशिवाय तिच्या जवळ ठिणगी नको.

वेल्डरच्या कामात काय पाहायचं? नवा पत्रा पातळ भाग ओलांडून पुरेशा जाड पत्र्यावर संपला पाहिजे, नाहीतर कड धरायला काहीच नसतं. कोपरे गोल कापलेले हवेत, टोकदार कोपऱ्यातून पुढे तडा जातो. चारी बाजूंचं वेल्ड अखंड हवं, तुटक टाके नकोत. पत्रा रुंद असेल तर मध्ये छिद्रं पाडून तिथेही तो जुन्या पत्र्याला जोडून घ्यायचा. चांगले वेल्डर एक छोटं छिद्र ठेवतात, त्यातून अगदी कमी दाबाची हवा भरून कडांना साबणाचं पाणी लावतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच. बुडबुडा नाही आला की ते छिद्र वेल्डने बंद.

स्वतः वेल्डिंग शिकून हे करू का, असं बरेच जण विचारतात. पाण्याच्या रेषेखाली नको. घासणं, रंगवणं, आतल्या फळ्या काढणं, पहारा देणं ही कामं तुमची. त्यातही बरेच पैसे वाचतात.

पत्रा खाल्ला कशाने?

हे न शोधता बोट पाण्यात सोडली तर नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जाईल. उलट जरा लवकरच, कारण जुन्या गंजलेल्या पोलादाशेजारी जोडलेलं नवं पोलाद आधी झिजतं.

सर्वांत जास्त नुकसान काठावरच्या विजेच्या जोडणीने होतं. केबल लावली की तिच्या अर्थच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना आणि काठाच्या लोखंडी पत्र्यांना जोडली जाते. मध्ये पाणी. झाली मोठी बॅटरी तयार, आणि तीत झिजणारा ध्रुव तुमची बोट असू शकते. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची डबी अर्थच्या तारेत बसवतात. ती साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा हा चोरटा प्रवाह अडवते आणि खरा विद्युतदोष झाला तर वीज जाऊ देते. पण आतले डायोड निकामी झाले तरी बाहेरून कळत नाही, म्हणून ती वर्षातून एकदा तपासून घ्या. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर यापेक्षा चांगला, पण जड आणि महाग. पैसे नसतील तर सगळ्यात स्वस्त उपाय: सोलर लावा आणि केबल काढून ठेवा.

दुसरं, ॲनोड. बोटीच्या दोन्ही टोकांना धातूच्या विटा वेल्ड केलेल्या असतात, त्या स्वतः झिजून बोट वाचवतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच्या, समुद्रात जस्ताच्या. दुकानात जस्ताच्या स्वस्त दिसल्या म्हणून घेऊ नका, कालव्यात त्या जवळजवळ काहीच करत नाहीत. त्यांच्यावर रंग चढवू नका. वर्षभरात ॲनोड संपला असेल तर कुठेतरी विजेची गळती आहे. चार वर्षांनी जसाच्या तसा असेल तर तो जोडलेलाच नाही किंवा कुणीतरी रंगवला आहे. टोकांचे ॲनोड मधल्या भागापर्यंत पुरत नाहीत, म्हणून मध्ये खड्डे जास्त असतील तर तिथेही लावून घ्या.

तिसरं, जिवाणू. नारिंगी फोडासारखी गाठ, फोडली की काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल आणि खाली लखलखीत खड्डा असेल तर ते हेच. नुसतं वर रंगवलं तर ते रंगाखाली काम चालू ठेवतात. ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून, स्वच्छ धातूपर्यंत जाऊन, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच रंग द्यायचा.

आणि थंडीत पातळ बर्फ फोडत बोट चालवू नका. बर्फाची धार पाण्याच्या रेषेवरचं डांबर खरवडून नेते.

डांबर की इपॉक्सी

साधं बिट्युमेन स्वस्त, ओल्या हवेतही समजूतदार, हाताने रोलरने लावता येतं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा वर काढावी लागते आणि डिझेल लागलं की ते विरघळतं. दोन घटकांचं इपॉक्सी बरंच जास्त टिकतं, पण ते जुन्या डांबरावर चढत नाही. त्यासाठी आधी ब्लास्टिंग करून पोलाद उघडं करावं लागतं. ओव्हरप्लेटिंग करताच आहात तर हीच संधी. नव्या पत्र्यावर कारखान्यातून आलेला निळसर काळा थर असतो, तोही ब्लास्टिंगने निघालाच पाहिजे. तो राहिला आणि कुठे ओरखडा पडला की नेमक्या त्या ओरखड्यातच खड्डा होतो.

इपॉक्सी लावताना पोलादाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या सकाळी ते नसतं. डब्यावर दोन थरांमधलं जे अंतर छापलेलं आहे ते पाळा. उशीर झाला तर पुढचा थर धरत नाही, मधे घासावं लागतं. चाइनच्या कडेला आणि वेल्डच्या रेषांना आधी ब्रशने एक हात द्या, तिथे रोलरचा रंग पातळ बसतो. घासताना चांगला मास्क घाला. जुन्या बोटींवर कधीकाळी कोळशाचं डांबर लावलेलं असतं, त्याची धूळ फुप्फुसांसाठी फार वाईट.

परत पाण्यात

डॉकमध्ये पाणी सोडायच्या आधी वीड हॅचचं (प्रोपेलरला अडकलेलं गवत काढायच्या तोंडाचं) झाकण घट्ट आहे का, ग्लँडला ग्रीस आहे का, काढलेली प्रत्येक नळी परत बसली का, हे स्वतः हात लावून बघा. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पाणी येत असताना आत बसा, टॉर्च घेऊन, फळ्या उघड्या ठेवून. काही दिसलं तर डॉक पुन्हा रिकामा करता येतो, तो पर्याय एकदा बाहेर पडल्यावर राहत नाही. म्हणून सकाळी उतरवायला सांगा, संध्याकाळी पाचला नाही.

बोट स्थिर झाली की बाहेरून पाण्याची रेषा मोजा आणि हिशेबाशी जुळवा. एका बाजूला कलली असेल तर उरलेल्या फरश्या इकडून तिकडे करा, त्यात एक पूर्ण दिवस जातो. मग मागच्या झाकणाखाली पुन्हा कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. पहिला आठवडा तो रोज बघायचा, नंतर महिन्यातून एकदा. मी त्यावर तारीख लिहून ठेवतो.